घोडेस्वार मिनिएचरसाठी बेसचे माप कसे निवडावे

फँटसी वॉरगेममध्ये, म्हणजे काल्पनिक सैन्यांच्या छोट्या मूर्ती (मिनिएचर) टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळात, नव्याने येणारा खेळाडू बहुधा घोडेस्वारांचा डबा आधी विकत घेतो, त्यातले तुकडे जोडतो, रंगाची तयारी करतो आणि सगळ्यात शेवटी घोड्याच्या पायांखाली कोणता बेस, म्हणजे मूर्ती उभी राहते ती सपाट बैठक, लावायचा याचा विचार करतो. पायदळात हे एक वेळ निभावते, कारण चौरस बेसवर उभा असलेला सैनिक उपटून दुसऱ्या बेसवर लावणे फारसे अवघड नसते. घोडदळाचे तसे नाही. घोड्याच्या बेसला रुंदी आणि लांबी अशी दोन वेगळी मापे असतात, घोडा अनेकदा बेसपेक्षा लांब असतो, शेजारच्या स्वाराचे गुडघे, भाले आणि ढाली एकमेकांत अडकतात, आणि प्रत्येक खेळाने या मापांचे आपापले नियम केलेले आहेत. म्हणून डबा उघडण्याआधीच बेसचा निर्णय घ्यावा. तो कोणत्या क्रमाने घ्यावा हे पुढे सांगितले आहे.

आधी खेळ ठरवा

बेस हा खेळातले मोजमाप आहे, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यावी. अंतर बेसपासून मोजले जाते, भिडणे बेसने ठरते, आणि तुकडी मैदानात किती जागा अडवते हेही बेसच ठरवतो. त्यामुळे ‘कोणता बेस चांगला दिसतो’ या प्रश्नाच्या आधी ‘मी कोणता खेळ खेळणार आहे आणि माझ्या आसपासचे लोक कोणता खेळ खेळतात’ हा प्रश्न येतो. माझ्या मते या दोहोंपैकी दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण असे वॉरगेम सहसा एकट्याने खेळले जात नाहीत.

रांगा करून लढण्याच्या फँटसी खेळांत जुने आणि आजही नेहमी आढळणारे माप 25×50 मिमी हे आहे. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने 1983 मध्ये वॉरहॅमर फँटसी बॅटल हा खेळ आणला. पुढे अनेक वर्षे त्यातील माणसे आणि एल्फ, ड्वार्फ अशा काल्पनिक जमाती यांचे पायदळ 20 मिमीच्या चौरस बेसवर, ऑर्कसारखे धिप्पाड सैनिक 25 मिमीच्या चौरसावर आणि घोडेस्वार 25×50 मिमीच्या आयतावर उभे राहत असत. मँटिक गेम्सच्या किंग्ज ऑफ वॉरने घोडदळासाठी हेच माप ठेवले, आणि ऑस्प्रेने 2020 मध्ये प्रकाशित केलेल्या ओथमार्कमध्येही घोडेस्वार 25×50 मिमीवरच आहेत. त्यामुळे बाजारात मिळणारे तयार बेस, तुकडी एकत्र सरकवण्याचे ट्रे आणि जुनी, हातोहात विकली जाणारी सैन्ये यांत हे माप सर्रास दिसते.

जानेवारी 2024 मध्ये गेम्स वर्कशॉपने वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड बाजारात आणला आणि त्यात मापे मोठी केली. माणसांचे पायदळ 25 मिमीवर गेले, ऑर्क 30 मिमीवर गेले आणि घोडेस्वार 30×60 मिमीवर आले. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: आजच्या प्लास्टिकच्या मूर्ती जुन्यांपेक्षा मोठ्या आणि अधिक पसरलेल्या असतात, आणि त्या जुन्या मापात शेजारी शेजारी उभ्या करणे म्हणजे रोजची झटापट असते.

गोल आणि लंबगोल बेसचे खेळ हा वेगळाच प्रांत आहे. 2015 पासून आलेल्या एज ऑफ सिग्मारमध्ये घोडेस्वार लंबगोल बेसवर असतात. त्यांची नेहमी आढळणारी मापे 60×35, 75×42 आणि 90×52 मिमी ही आहेत, आणि कोणत्या युनिटला (तुकडीला) कोणता बेस याची यादी प्रकाशक स्वतः देतो. मिडल-अर्थ स्ट्रॅटेजी बॅटल गेममध्ये पायदळ 25 मिमीच्या आणि घोडेस्वार 40 मिमीच्या गोल बेसवर असतात. या खेळात घोडा मेला तरी स्वार वाचू शकतो आणि मग तो पायी लढतो. म्हणून घोडेस्वार घेताना त्याच योद्ध्याची 25 मिमी बेसवरची पायी मूर्ती सोबत घ्यावी लागते, हा खर्च आधीच धरलेला बरा.

याउलट, 2015 चा ड्रॅगन रँपंट बेसच्या मापाबाबत फारसा आग्रही नाही. हाती असलेले सैन्य जसे आहे तसे घेऊन त्यात खेळता येते. लहान प्रमाणाच्या खेळांत एकेका स्वाराला वेगळा बेस नसतोच. वॉरमास्टरमध्ये 40×20 मिमीच्या पट्टीवर अनेक छोटे सैनिक असतात. पायदळाची पट्टी लांब बाजू पुढे करून चालते, तर घोडदळाची अरुंद बाजू पुढे असते. हॉर्ड्स ऑफ द थिंग्जमध्ये 15 मिमी प्रमाणाच्या सैनिकांसाठी 40 मिमी आणि 25 मिमी प्रमाणाच्या सैनिकांसाठी 60 मिमी रुंदीचा बेस लागतो.

रुंदीत पाच मिलिमीटरने काय होते

नवख्या खेळाडूला 25 आणि 30 मिमी यांतला फरक किरकोळ वाटतो. एका स्वारापुरता तो किरकोळच आहे, पण घोडदळ पाचाच्या रांगेत लढते. पाच स्वार 25 मिमीवर असतील तर तुकडीची आघाडी 125 मिमी होते, आणि 30 मिमीवर असतील तर 150 मिमी. या 25 मिलिमीटरचे दोन परिणाम खेळात ठळकपणे जाणवतात.

पहिला परिणाम वळण्यावर होतो. ज्या नियमांत तुकडी एका कोपऱ्यावर खिळून दुसरा कोपरा फिरवते आणि बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर चालीतून वजा होते, तेथे रुंद तुकडीला वळणे महाग पडते. 45 अंशांत वळताना 125 मिमीच्या आघाडीचा बाहेरचा कोपरा सुमारे 98 मिमी सरकतो, तर 150 मिमीच्या आघाडीचा सुमारे 118 मिमी. फरक पाऊण इंचाचा आहे, आणि चढाई पोहोचते की नाही हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते. किंग्ज ऑफ वॉरमध्ये तुकडी आपल्या मध्यबिंदूभोवती फिरते, त्यामुळे तेथे हा हिशेब लागत नाही.

दुसरा परिणाम भिडण्यावर होतो. समजा शत्रूचे पायदळ 25 मिमीच्या चौरसांवर रुंद रांगेत उभे आहे आणि ज्यांचे बेस प्रत्यक्ष टेकले आहेत तेवढेच सैनिक लढतात असा नियम आहे. तुमची 125 मिमीची आघाडी त्यांच्या बेसच्या कडांशी जुळवून भिडली तर पाच सैनिक समोर येतात, आणि दोन्ही टोकांना कोपऱ्याला कोपरा टेकलेले दोन धरले तर सात होतात. 150 मिमीच्या आघाडीसमोर हीच संख्या आठ होते. म्हणजे 30×60 मिमीच्या खेळात 25×50 मिमीचे घोडदळ तसेच मांडणारा खेळाडू, त्याच्या मनात तसे काही नसले तरी, समोरच्याचा एक सैनिक लढाईतून वगळतो. प्रतिस्पर्धी मापाबद्दल टोकतो तेव्हा तो कटकट्या आहे असे मानू नये.

लंबगोल बेसमध्ये प्रश्न लांबीचा असतो. एज ऑफ सिग्मारच्या 2024 च्या आवृत्तीत हातघाईचा पल्ला 3 इंच, म्हणजे 76.2 मिमी आहे. घोडे एकामागे एक उभे केले तर पुढच्या घोड्याच्या बेसची लांबी एवढी जागा ओलांडूनच मागच्याला शत्रूपर्यंत पोहोचावे लागते. बेस 60 मिमी लांब असेल तर दुसरी रांग सहज लढते, 75 मिमीचा असेल तर जेमतेम एका मिलिमीटरची सवड उरते, आणि 90 मिमीचा असेल तर दुसरी रांग नुसती बघत राहते. येथे आपल्या मर्जीने मोठा बेस लावणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय, आणि लहान लावणे म्हणजे नियमभंग. म्हणून यादीत दिलेले माप निमूटपणे घ्यावे.

मग घोडा मोजा

खेळ ठरल्यावर मूर्ती हाती घ्यावी. 28 मिमी प्रमाणात माणसाची उंची तळपायापासून डोळ्यांपर्यंत सुमारे 28 मिमी धरतात, आणि हे प्रमाण साधारण 1:56 च्या आसपास येते. खरा घोडा नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत सुमारे 2.4 मीटर असतो असे धरले तर मूर्ती 43 मिमीच्या आसपास यायला हवी. शांत उभा असलेला घोडा म्हणूनच 50 मिमीच्या बेसवर नीट मावतो. चौखूर उधळलेला, मान पुढे काढलेला आणि शेपटी मागे उडवलेला घोडा मात्र मावत नाही, आणि फँटसी मूर्तिकारांना तोच घोडा अधिक आवडतो. ऐतिहासिक मालिकांतील घोडे सहसा सडपातळ असतात. फँटसी मालिकांतील चिलखती घोडे, त्यांच्यावरील झुली आणि खांद्याएवढ्या ढाली यांमुळे रुंदीतही अडचण येते.

केवळ पट्टीने मोजून हे कळत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून 25×50 आणि 30×60 मिमीचे प्रत्येकी दहा तुकडे कापावेत, मूर्ती पूर्ण न चिकटवता ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) त्यांवर उभ्या कराव्यात आणि पाच पाचांच्या दोन रांगा प्रत्यक्ष लावून पाहाव्यात. एका रांगेवर समाधान मानू नये, कारण खरी गर्दी दुसऱ्या रांगेतच होते: मागच्या घोड्याचे तोंड पुढच्याच्या शेपटीत शिरते.

रांग लागत नसेल तर लगेच मोठ्या बेसकडे धावण्याची गरज नाही. स्वाराचा गुडघा हा सर्वांत रुंद भाग असतो, आणि पाचही स्वारांचे गुडघे एकाच रेषेत आले तर ते एकमेकांवर आदळतात. एक घोडा बेसवर दोन-तीन मिलिमीटर पुढे, त्याच्या शेजारचा तेवढाच मागे, असे आलटून पालटून लावले की बहुतेक तक्रार मिटते. मान उजवीकडे वळवलेले घोडे उजव्या टोकाला ठेवावेत. आडवे धरलेले भाले फक्त पहिल्या रांगेत असावेत आणि दुसऱ्या रांगेतील भाले उभे असावेत, म्हणजे ते पुढच्या स्वाराच्या पाठीत घुसणार नाहीत. पहिल्या रांगेतील आडवे भाले दिसायला झोकदार असले तरी भिडताना ते शत्रूच्या मूर्तींत अडकतात. जोडतानाच निम्मे भाले उभे ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खेळ अजून ठरला नसेल तर

हा प्रसंग सर्वांवर येतो. माझा सल्ला असा की चौकोनी बेसच्या खेळांकडे कल असेल आणि कागदाच्या चाचणीत मूर्ती 25×50 मिमीवर नीट उभ्या राहत असतील, तर तेच माप घ्यावे. लहान बेस ट्रेमध्ये ठेवून मोठा करता येतो, पण मोठा बेस कोणत्याही उपायाने लहान होत नाही. पाच खाचांचा 150×60 मिमीचा ट्रे केला आणि प्रत्येक खाच 30×60 मिमीच्या जागेच्या मधोमध ठेवली, तर 25×50 मिमीवरचे पाच स्वार द ओल्ड वर्ल्डच्या मापात बरोबर बसतात. असे ट्रे एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीत) तयार मिळतात, थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात, किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून घरीही होतात. एकट्या स्वाराला अशा ट्रेचा उपयोग होत नाही, म्हणून नायकासाठी 30×60 मिमीची वेगळी चौकट करून ठेवावी.

मूर्ती 25×50 मिमीवर मावतच नसतील तर वाद संपला. त्या 30×60 मिमीवरच लावाव्यात आणि किंग्ज ऑफ वॉर खेळायची वेळ आली तर संख्या कमी करावी. त्या खेळात सैनिक एकेक करून काढले जात नाहीत, पूर्ण तुकडीवर इजा मोजली जाते आणि महत्त्व तुकडीने व्यापलेल्या जागेला असते. दहा स्वारांच्या रेजिमेंटची जागा 125×100 मिमी एवढी आहे. तेवढ्या मापाच्या एकाच पाटावर सात-आठ स्वार मोकळेपणाने उभे केले, मध्ये एखादी शिळा किंवा मोडलेले कुंपण ठेवले, तरी चालते आणि ते रांगेपेक्षा देखणेही दिसते. मात्र असा एकत्र पाट केला की ते घोडदळ त्याच खेळापुरते बांधले जाते, म्हणून नवख्याने पहिल्याच तुकडीला हे करू नये.

लंबगोल आणि आयत यांच्यात ये-जा करायची असेल तर मूर्ती 60×35 मिमीच्या लंबगोलावर लावून तिच्यासाठी आयताकृती चौकट शोधण्याचा मोह होतो. 35 मिमीची रुंदी 30 मिमीत बसत नाही, त्यामुळे हा मार्ग बंद आहे. दोन्ही खेळ खरोखर खेळायचे असतील तर मूर्ती चुंबकाने बेसवर बसवावी, म्हणजे बेस बदलता येतो.

बेस कशाचा असावा

तयार प्लास्टिकचे बेस टिकाऊ आणि हलके असतात, पण त्यांच्या कडा किंचित उतरत्या असल्यामुळे वरचा पृष्ठभाग तळापेक्षा लहान भरतो. माप नेहमी तळाशी घ्यावे. काही घोडेस्वारांसोबत टोके गोल असलेले 25×50 मिमीचे बेस येतात. सुट्या स्वारांच्या खेळांत ते छान दिसतात, पण रांगेत कोपऱ्याला कोपरा टेकत नाही, म्हणून ते बाजूला ठेवून द्यावेत.

परदेशातून मागवलेल्या बेसवर टपालखर्च आणि सीमाशुल्क पडून ते मूर्तींच्या तोडीस तोड महाग होतात. पुण्या-मुंबईत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी लेझरने ॲक्रिलिक आणि एमडीएफ कापून देणारे व्यावसायिक असतात. नामफलक करणाऱ्यांकडे चौकशी केली तरी ते सापडतात. त्यांना 2 किंवा 3 मिमी जाडीच्या एमडीएफमधून एकाच वेळी पन्नास-साठ बेस कापून मागणे स्वस्त पडते. एमडीएफला आपल्याकडच्या पावसाळ्याची मात्र भीती असते. दमट हवेत त्याच्या कडा फुगतात, आणि फक्त वरच्या बाजूला पाणी घातलेले फेव्हिकॉल व वाळू लावली तर पातळ बेस वाळताना वाकतो. म्हणून बेस कापून आल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमरचा हात द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच वाळू चिकटवावी.

ट्रे करताना आतले माप बेसच्या बेरजेएवढे काटेकोर ठेवू नये. रंगाचे थर आणि कडेला आलेले वाळूचे कण यांमुळे पाच बेस 125 मिमीपेक्षा थोडे अधिक भरतात, म्हणून आतली रुंदी 127 मिमीच्या आसपास असावी.

चिकटवण्याची रीत

येथे एक नेमकी गोष्ट सांभाळावी लागते. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिकला वितळवून एकजीव करते, त्यामुळे प्लास्टिकचा घोडा प्लास्टिकच्या बेसवर त्याने लावला की तो पाय मोडल्याशिवाय निघत नाही. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद ठिसूळ असतो आणि पातळ पाते सरकवून तो सोडवता येतो. मापाबद्दल मनात जरासुद्धा शंका असेल तर सिमेंट घोडा आणि स्वार जोडण्यापुरतेच वापरावे आणि बेससाठी फेव्हिक्विक घ्यावे.

उडी घेणारा, एकाच पायावर तोललेला घोडा नुसत्या गोंदावर राहत नाही. त्याच्या टेकलेल्या पायात आणि बेसमध्ये बारीक छिद्र पाडून 1 मिमीच्या आसपासची पितळी तार घालावी. धातूच्या मूर्तींना हे जवळजवळ सक्तीचे समजावे. बेसमधील जुन्या खाचा किंवा फटी एम-सीलने भरून काढता येतात.

वाहतुकीसाठी आणि चढावर तुकडी घसरू नये यासाठी बेसखाली चुंबकीय रबराचा पत्रा आणि ट्रेमध्ये पातळ लोखंडी पत्रा लावणे सोपे असते. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, आणि स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही धरत नाहीत, म्हणून पत्रा विकत घेताना खिशात चुंबक ठेवावा. धातूच्या जड घोड्यांना रबरी पत्रा पुरत नाही, त्यांना निओडिमियम चुंबकाची छोटी चकती लागते.

शेवटी प्रत्येक बेसच्या तळाशी त्याचा रांगेतील क्रमांक लिहावा. मांडणी एकदा जुळल्यावर ती पुन्हा आठवणे अशक्य असते, आणि खेळाच्या दिवशी दहा घोड्यांची कोडी सोडवत बसण्यात अर्धा तास जातो. निशाणवाला, शिंग फुंकणारा आणि तुकडीप्रमुख यांना पहिल्या रांगेत मधल्या जागा द्याव्यात. तुकडीत सामील होणाऱ्या नायकासाठी एक क्रमांक मोकळा ठेवावा आणि त्याचा बेस तुकडीच्याच मापाचा असावा.

घोडा नसलेल्या स्वाऱ्या

लांडग्यांवर बसलेले गॉब्लिन आणि रानडुकरांवर बसलेले ऑर्क नियमांच्या दृष्टीने बहुधा घोडदळच असतात, आणि त्यांनाही 25×50 किंवा 30×60 मिमी हेच माप लागू होते. लांडगा लांब आणि अरुंद असल्यामुळे तो सहज मावतो, रानडुक्कर आखूड पण रुंद असते आणि त्रास देते. किंग्ज ऑफ वॉरमध्ये याहून मोठ्या जनावरांवरील स्वारांसाठी मोठे घोडदळ असा वेगळा वर्ग आहे, आणि त्याचा बेस 50×50 मिमीचा असतो. आपले जनावर कोणत्या वर्गात मोडते हे त्याच्या आकारावरून न ठरवता सैन्याच्या यादीतील नोंदीवरून ठरवावे. वेगळ्या कंपनीची मूर्ती वापरत असाल तर ती ज्या युनिटच्या जागी उभी आहे त्याचाच बेस तिला द्यावा.

जुन्या मापाचे सैन्य घेऊन एखाद्या स्पर्धेला जायचे असल्यास 30×60 मिमीचे ट्रे चालतील का, तुकडी विस्कळीत मांडणीत (रांग सोडून सुटे सुटे उभे राहण्यात) गेली की काय करायचे आणि एकट्या स्वारांच्या चौकटी मान्य आहेत का, हे तीन प्रश्न आयोजकांना नाव नोंदवतानाच लेखी विचारावेत.